सातपुड्याच्या खोऱ्यांत जाताय? या चुका टाळा

दोन-तीन दमदार पाऊस झाले की जळगाव, धुळे, शहाद्याहून शनिवार-रविवारच्या गाड्या डोंगराकडे वळतात. तोरणमाळ, मनुदेवी, पाल, उनपदेव, सातमाळ्यात पाटणादेवी, साक्री तालुक्यात अलालदरी. बहुतेकांची सहल नीट पार पडते. ज्यांची बिघडते त्यांचं रडगाणं ऐकलं की मूळ बहुधा एकच निघतं. कुठे जायचं ते ठरवलेलं असतं, पण तिथे कुणाचं चालतं हे विचारलेलं नसतं.

मंदिर मोकळं म्हणजे जंगल मोकळं नाही

पाटणादेवीला ही गफलत हमखास होते. चाळीसगावहून गाडी थेट देवळापर्यंत जाते, दर्शन होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, चला, वर पितळखोऱ्याच्या लेण्यांना जाऊन येऊ. पण हा सगळा डोंगर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. देवळाची वाट वहिवाटीची आहे, म्हणून तिच्यामागची दरीही आपली होत नाही. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांतही तेच.

नाक्यावर वनरक्षकाने अडवलं तर आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: “थांबा, साहेबांना फोन लावून देतो.” त्याने काम होत नाही, उलट बिघडतं. नाव आणि गाडीचा नंबर नोंदवा, कुठवर जाता येईल आणि परत कधी यायचं ते विचारा. आत जाऊ देत नसतील तर दुसरं ठिकाण सुचवायला सांगा, तो माणूस रोज त्या जंगलात फिरतो. पावसाळ्यात धोक्याच्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा. वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन त्यासाठी आहे.

अभयारण्याबाहेरचं जंगल म्हणजे मोकळं रान, हा पुढचा गैरसमज. धडगाव-अक्कलकुव्यात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत. तिथे जंगल राखणं हा ग्रामसभेचा हक्क आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती गावाने मिळून राखलेल्या जंगलामुळे. अशा गावात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावानेच ठरवलेली असते आणि पाहुण्यालाही ती लागू असते. पाड्यावर पोहोचलात की आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटा. दहा मिनिटं जातात, पण पुढचा दिवस सरळ जातो. गावातला एखादा पोरगा वाटाड्या म्हणून घेतलात तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. त्याची मजुरी मात्र निघण्याआधी ठरवा आणि परतल्यावर घासाघीस करू नका.

पायथ्याच्या गावांत “कथा जाई ऱ्हायना भाऊ?” (कुठे चाललात?) असं कुणी अहिराणीत विचारलं तर थांबून उत्तर द्या. ती चौकशी असते, हटकणं नव्हे. वर पाड्यांवर अहिराणी फारशी चालत नाही, तिथे पावरी किंवा भिलोरी बोलतात. म्हाताऱ्या माणसांशी मराठीचं गाडं अडलं तर शाळेतल्या पोरांना मध्ये घ्या. घरांचे, बायकांचे फोटो न विचारता काढू नका. होळीच्या आधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात हा चावटपणा फार चालतो.

मोहाखाली गाडी लावू नका

मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने जीव जातो आणि माळावर मोठं झाड दिसतं ते मोहाचं. लोक गाडी तिथेच लावतात, चटई टाकतात. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली असते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ती कुणीतरी मुद्दाम झाडलेली असते. मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि बायापोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला येतात. चाकाखाली चिरडलेलं फूल वाळत घालता येत नाही. वाळवलेल्या मोहावर त्या घराचा बाजारहाट चालतो. गाडी पळसाखाली लावा, उन्हात लावा, पण मोह सोडा. कुणी रागावलं तर “झाड काय तुमच्या मालकीचं आहे का?” असं विचारू नका. बरेचदा असतंच, कारण कुठला मोह कोणत्या घराने वेचायचा हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं.

याच दिवसांत सागाची पानं गळून जमिनीवर वाळकी गादी साचते. चुलीवरच्या भरीताची हौस घरी भागवा. अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहेच, बाहेरही राखीव जंगलात तेच.

आभाळ निरभ्र, तरी नाल्याला पूर

धबधब्याखाली उभं राहिलेल्याला आपल्या डोक्यावरचं आभाळ दिसतं. पाऊस मात्र वर, कधी कधी मध्य प्रदेशच्या बाजूला, पडत असतो. सातपुड्याचे उतार उभे आहेत आणि खाली काळा कातळ, त्यात पाणी मुरायला फारसा वाव नाही. त्यामुळे वरचं पाणी थोड्याच वेळात खाली येऊन धडकतं. ओळखायचं कसं? नितळ पाणी अचानक गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, वरून घरघर ऐकू येते. यातलं एक जरी दिसलं तरी कपडे, चपला, डबे तिथेच सोडून काठाने वर चढा. नाल्याच्या पात्रातून खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं. दोन काठांवर फुटाफूट झाली तर जो जिथे आहे तिथेच थांबेल. मधून दोर टाकणं वगैरे सिनेमात ठीक.

परतीच्या वाटेवर फरशी पूल बुडालेला दिसला तर थांबा. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. पुढचा टेम्पो पार गेला, हा पुरावा नाही. टेम्पो भरलेला असतो, तुमची गाडी हलकी. पाऊस थांबल्यावर हे नाले बहुधा काही तासांत उतरतात. तेवढा वेळ गावात बसायची तयारी ठेवा आणि घरी आधीच सांगून ठेवा की उशीर होऊ शकतो, कारण घाटात रेंज मिळेलच असं नाही. नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, पण त्याच्यावरही आंधळा विश्वास नको. त्यातली बारीक रेघ कधी गुरांची वाट निघते, आणि नर्मदेकाठी तर जुन्या वाटा सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेल्यात, तिथून पुढे नावेनेच जावं लागतं.

पक्ष्यांसाठी येणाऱ्यांसाठी

रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या नावाने इकडे हल्ली कॅमेरेवाले बरेच येतात. 1884 नंतर 113 वर्षं या पक्ष्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सापडला. फोटोसाठी स्पीकरवर त्याचा आवाज वाजवणं ही सर्रास चूक. दुसरा पिंगळा हद्दीत शिरला असं समजून तो शिकार, घरटं सोडून भांडायला येतो. हा पक्षी दिवसाही हिंडतो, गप्प बसून वाट पाहिली तर दिसतो. नाही दिसला तर नाही. ढोली सापडलीच तर ठिकाण ग्रुपवर टाकू नका.

अडकलात तर

पेट्रोल आणि रोख पैसे शहादा, चोपडा, यावल अशा तालुक्याच्या गावीच घ्या, वर दोन्हींचा भरवसा नाही. साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, चावलेला अवयव हलवू न देता 108 ला फोन करा. रेंज नसेल तर गाडीत घालून थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. भगताकडे जायचा आग्रह झाला तर हात जोडा आणि निघा.

गाडी चिखलात रुतली की गावातला ट्रॅक्टर हाच उपाय. पेरणी सोडून आलेला माणूस पाचशे रुपये मागतो तेव्हा शहरातले लोक लुबाडलं म्हणून कुरकुरतात. डिझेल त्याचं, खाडा त्याचा. आधी रक्कम ठरवा, मग साखळी लावा, आणि साखळी ताणली की पोरांना तिच्यापासून लांब उभं करा.