ऑनलाइन अध्यापनाच्या परिषदेला जाताय? आपला एक प्रश्न घेऊन जा

परिषदेचा कार्यक्रम हातात आला की बीजभाषणं कुणाची आहेत ते मी शेवटी बघते. आधी शोधते पोस्टर सत्रं (जिथे लोक आपलं काम मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभे राहतात) आणि कार्यशाळा. मी नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना संख्याशास्त्र ऑनलाइन शिकवते, आणि माझ्या वर्गात खरोखर उपयोगी पडलेल्या बहुतेक कल्पना मला पोस्टरसमोर उभं राहून बोलताना मिळाल्या. बीजभाषणाचं रेकॉर्डिंग बहुधा नंतर पाहायला मिळतं. पोस्टरशेजारी उभा असलेला शिक्षक पुन्हा असा निवांत सापडत नाही.

निघण्यापूर्वी एक प्रश्न कागदावर लिहा, आणि तो तुमच्याच अभ्यासक्रमातला असू द्या. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग कसा वाढवावा’ हा प्रश्न फार मोठा. त्याला सगळेच उत्तर देतात आणि कुणाचंच उत्तर कामाला येत नाही. माझा एक प्रश्न असा होता: सुरुवातीला चर्चामंचावर भरभरून लिहिणारे विद्यार्थी परिकल्पना चाचणीचा (आकडेवारीवरून एखादा दावा तपासण्याचा) भाग आला की गप्प का होतात? असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस थांबतो, विचार करतो आणि आपल्या वर्गातलं काहीतरी सांगतो. सोबत त्या चर्चेचे एक-दोन स्क्रीनशॉट ठेवा, मात्र विद्यार्थ्यांची नावं पुसून.

थोडी परिभाषा माहीत असली तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांनी २००० साली मांडलेली ‘कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी’ ही ऑनलाइन शिकण्याबद्दलची चौकट या परिषदांत हटकून निघते. सामाजिक (एकमेकांशी मोकळेपणा), बोधात्मक (विचार करून समजून घेणं) आणि अध्यापनाची (शिक्षकाची आखणी आणि मार्गदर्शन) अशा तीन प्रकारच्या ‘उपस्थिती’ त्यात सांगितल्या आहेत. माझा प्रश्न मी या तिन्हींवर घासून पाहिला. मुलं एकमेकांशी मोकळी होती, मीही रोज उत्तरं देत होते. अडत होतं ते चर्चेला दिलेल्या प्रश्नात. ‘तुमचं मत लिहा’ असं म्हटल्यावर पी-मूल्याबद्दल, म्हणजे चाचणीच्या गणितातून निघणाऱ्या एका संख्येबद्दल, कुणी काय मत देणार?

सत्रात बसल्यावर निष्कर्षापेक्षा तो कुठून आला याकडे लक्ष द्या. विद्यार्थी किती होते? भाग घेणं सक्तीचं होतं का? त्याला गुण होते का? व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा मोठा नको, हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. त्यामागे ग्वो, किम आणि रुबिन यांचा २०१४ चा अभ्यास आहे: एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरचे चार अभ्यासक्रम, व्हिडिओ पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रं. पण त्यात पाहिलं गेलं ते लोक व्हिडिओ किती वेळ बघतात आणि त्यानंतरचा प्रश्न सोडवायला घेतात का, एवढंच. ते शिकले किती, हे मोजलेलं नव्हतं. शिवाय तिथले बरेच जण स्वेच्छेने आलेले. पदवीसाठी परीक्षा देणारा विद्यार्थी वेगळा वागू शकतो. तसंच २०२० मधल्या अनुभवांवरचं सादरीकरण असेल तर तो अभ्यासक्रम मुळात ऑनलाइनसाठी रचलेला होता का, हे जरूर विचारा. घाईघाईने ऑनलाइन आणलेलं शिकवणं आणि विचारपूर्वक रचलेलं ऑनलाइन शिक्षण यांतला फरक हॉजेस आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्पष्ट मांडला होता.

आणि प्रत्येक वक्त्याला मी एक विचारतेच: ‘हे कुठल्या तुकडीत चाललं नाही?’ सगळ्यात मोलाची माहिती त्या उत्तरात असते.

कंपन्यांच्या स्टॉलवर वेळ कमी द्या, पण जा. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याला सांगा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर चालवून दाखवा. माउस वापरू न शकणाऱ्यांना ते चालेल का, हे त्यातून कळतं. डब्ल्यूसीएजी २.२ हे सुलभतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीचे, निकष ऑक्टोबर २०२३ मध्ये आले. त्यातले कोणते पाळलेत ते लेखी मागा. करार संपल्यावर विद्यार्थ्यांचं काम कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हेही. ज्या साधनामुळे दृष्टिहीन विद्यार्थी वर्गाबाहेर राहतो ते कितीही देखणं असलं तरी मला नको.

परिषदच ऑनलाइन असेल तर ते तास कॅलेंडरवर अडवून ठेवा, नाहीतर नेहमीची कामं ते गिळून टाकतात. चॅटमध्ये लिहा, तिथे ओळखी चॅटमध्येच होतात. आपलं लक्ष नेमकं कधी उडालं याचीही नोंद करा. आपले विद्यार्थी रोज त्याच जागी बसलेले असतात.

परतल्यावर आठवड्याच्या आत एकच बदल करा. मी मतं मागणं थांबवलं. आता एक मुद्दाम चुकीचं सोडवलेलं उदाहरण टाकते आणि चूक शोधायला सांगते. त्या आठवड्यातली चर्चा आता थंडावत नाही. ज्यांच्याकडून कल्पना मिळाली त्यांना कोरडे आभार पाठवण्याऐवजी ते उदाहरणच पाठवलं, आणि उलट त्यांचंही एक उदाहरण आलं.

पुढच्या परिषदेसाठी प्रस्ताव बरेच महिने आधी मागवतात. पोस्टरसाठी अर्ज करा. त्यात आधी-नंतरची तुलना लागेल, म्हणून बदल करण्यापूर्वीच्या तुकडीची आकडेवारी आत्ताच उतरवून ठेवा आणि ती वापरण्यासाठी संस्थेची परवानगी लागते का, ते विचारून घ्या.