केग 19 लिटरचा, पण ग्लासात येतं किती? मोजताना या चुका टाळा

केग म्हणजे गॅसच्या दाबाने पेय नळातून बाहेर ढकलणारी बंद टाकी. तिच्यावर 19 लिटर लिहिलंय म्हणजे 19 लिटर भरायचं आणि 19 लिटर वाढायचं, असा हिशोब करणारं कुणी ना कुणी मला दर महिन्याला भेटतं. मी कोथरूडला घरी कोंबुचा (आंबवलेल्या चहाचं पेय) आणि आल्याचा सोडा करतो. परदेशात घरी बिअर करणारे वापरतात तेच स्टीलचे उभे केग माझ्याकडे आहेत. (आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.) आत काहीही भरलं तरी मोजण्यातल्या चुका त्याच होतात.

आधी त्या 19 चा उलगडा. हे केग मुळात अमेरिकेत शीतपेयांच्या सिरपसाठी बनले, म्हणून त्यांचं माप 5 अमेरिकन गॅलन, म्हणजे 18.93 लिटर. आपल्याकडे कुणी ‘पाच गॅलन’ ऐकून ब्रिटिश गॅलन धरतो आणि 22.7 लिटरची तयारी करतो. मग जवळजवळ चार लिटर पातेल्यात उरतं.

वापरात येणारं माप दोन नळ्या ठरवतात. गॅसची नळी आखूड असते आणि झाकणाखाली थोडीशीच लोंबते. तिचं टोक बुडेल इतकं भरलं की दाब कमी-जास्त होताच पेय उलटं गॅसच्या पाइपात शिरतं. दुसरी लांब नळी तळापर्यंत जाते. तिच्या टोकाखाली जे उरतं ते नळातून कधीच येत नाही. भरायची वरची हद्द पहिली नळी ठरवते, काढायची खालची हद्द दुसरी, आणि आपलं माप या दोन हद्दींच्या मधलं.

ही लांब नळी न बघणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. सोसायटीच्या कोजागरीला मसाला दुधाबरोबर आल्याचा सोडा ठेवायचं ठरलं. दोन केग, 38 लिटर, 200 मिलिचे 190 ग्लास, असं मी खजिनदार काकांना छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी 180 कुपनं वाटली. प्रत्यक्षात गॅसची नळी मोकळी ठेवायची म्हणून प्रत्येक केगमध्ये 18 लिटरच भरलं होतं, पण कुपनांच्या हिशोबात मी ते धरलंच नाही. दुसरा केग जुन्या बाजारातून आणलेला. त्याचा नळ मध्येच फसफसला, मग नुसता गॅस सुटायला लागला. उचलून बघितला तर आत डुचमळतंय. लांब नळी आधीच्या मालकाने गाळाच्या वर राहावी म्हणून चार सेंटीमीटर कापलेली होती. या केगचा व्यास साडेएकवीस सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सरळ भागात प्रत्येक सेंटीमीटरमागे साधारण 360 मिलि. गच्चीवरच गॅस सोडून झाकण उघडलं, तर तळाशी जवळपास पावणेदोन लिटर उरलं होतं. पहिल्या केगमधलं तळाचं थोडं आणि फेसात गेलेलं धरून 165 ग्लास भरले. कुपन हातात घेऊन उभ्या असलेल्या पंधरा जणांना मी परत पाठवलं, त्यात दोन लहान मुलं होती. तेव्हापासून जुना केग घरात आला की मी आधी ती नळी काढून पट्टीने मोजतो.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे स्वयंपाकघरातल्या जगने मोजणं. एक लिटरचा जग 19 वेळा ओतायचा, दर वेळी रेषेपाशी 20 मिलि इकडेतिकडे. चूक एकाच बाजूला होत गेली तर थेंबे थेंबे तळे साचे, पावणेचारशे मिलि गायब. शिवाय बारा झाले की तेरा, हा घोळ होतोच. मापात पाप नको असेल तर वजन करा. किराणा दुकानात असतो तसा 30 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. रिकामा केग चार-साडेचार किलोचा, भरलेला 24 च्या आत.

माझी पद्धत अशी. झाकण, नळ्या, ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) सगळं बसवून रिकाम्या केगचं वजन घेतो. मग साधं गार पाणी गॅसच्या नळीच्या टोकाखाली दोन बोटं येईपर्यंत भरतो आणि पुन्हा वजन घेतो. एक किलो म्हणजे एक लिटर. घरातल्या तापमानाला पडणारा फरक इतका थोडा आहे की मी सोडून देतो. पुढे गॅसचा पाचेक पीएसआय (दाबाचं एकक) दाब देऊन नळातून पाणी काढतो. गॅस थुंकायला लागला की थांबायचं, केगमधला दाब पूर्ण सोडायचा आणि तिसरं वजन घ्यायचं. दुसऱ्यातून तिसरं वजा केलं की हाती येतो तोच खरा आकडा. सगळ्याला अर्धा तास लागतो. ‘दोन केग सारखेच दिसतात, एकच मोजतो’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त कोजागरीची गोष्ट सांगतो.

गरम पाण्याने धुतानाच मोजून घेऊ, एका दगडात दोन पक्षी, असंही काहींना वाटतं. 80 अंशांचं पाणी लिटरला 972 ग्रॅमच भरतं, म्हणजे 19 लिटरमागे अर्ध्या लिटरची चूक.

पाइप लावलेला केग काट्यावर ठेवू नका, पाइप वजन उचलतो किंवा दाबतो.

बाथरूमचा काटा गालिच्यावर ठेवून घेतलेलं वजन धरू नका.

उरलेलं पेय वजनावरून काढताना त्याची घनता धरा. घनता मोजायचा हायड्रोमीटर 1.010 (पाण्याचे 1.000) दाखवत असेल तर भरलेल्या केगमागे 180 ग्रॅमचा फरक पडतो. विरघळलेल्या गॅसचं वजन लिटरला पाचेक ग्रॅम. तेवढ्यासाठी मी डोकं शिणवत नाही.

तरंगत्या नळीचा, म्हणजे पेयावर तरंगणाऱ्या टोकातून वरचं पेय ओढणारा केग असेल तर सिलिकॉनची नळी तळापर्यंत पोचते का, हे झाकण लावण्याआधी हाताने ओढून बघा. आखूड पडली किंवा मुडपली की वरचं पेय येतं आणि तळाचं आतच राहतं.

माझ्या प्रत्येक केगच्या खांद्यावर पांढऱ्या पेंटच्या पेनाने तीन आकडे लिहिलेत: रिकामं वजन, भरायची हद्द, हाती येणारे लिटर. जुन्या बाजारातल्या त्या केगला मी नवी नळी बसवली आणि पुन्हा मोजला. आता त्याच्यावर 4.3, 18.0, 17.7 असं लिहिलेलं आहे, आणि यंदाच्या कोजागरीची कुपनं त्या 17.7 वरूनच काढलीत.