या चुका टाळा: गाडीच्या पुढच्या भागातला ढिलेपणा तपासताना

मोटारसायकल खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक्’ असा आवाज आला की बहुतेकांचा हात थेट कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) नटाकडे जातो. नट आवळला, आवाज थोडा कमी झाला, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण हा ढिलेपणा चार जागी असू शकतो: कोनसेट, शॉकअपचे (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या, धक्का झेलणाऱ्या पायांचे) बुश, म्हणजे पाइप ज्यावर सरकतो ती आतली कडी, चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक. हाताला चारही ठिकाणचा धक्का जवळजवळ सारखाच जाणवतो. म्हणून आधी जागा शोधा, मग पाना उचला.

ब्रेक दाबून केलेल्या तपासणीवर विसंबू नका

पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलवणं ही सगळ्यांच्या सवयीची पद्धत. पण यात कॅलिपरमधले (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातले) पॅड किंचित सरकतात, फ्लोटिंग (थोडी मोकळी बसवलेली) डिस्क असेल तर तीही टकटकते, आणि ड्रम ब्रेकची प्लेट शॉकअपवरच्या खाचेत जेवढी मोकळी असते तेवढी हलते. ही टकटक कोनसेटची समजून नट आवळला जातो.

योग्य तपासणीसाठी पुढचं चाक जमिनीपासून उचललेलं हवं. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागच्या बाजूला वजन द्या. मेन स्टँड नसेल तर मागचं चाक स्टँडवर पक्कं करून पुढे इंजिनखाली लाकडाची फळी ठेवून जॅक लावा. सायलेन्सरचा पाइप किंवा ऑइल फिल्टर यांच्यावर भार येता कामा नये. जॅकवर अख्खी गाडी डुलत असेल तर तपासणीला अर्थ नाही, आधी ती स्थिर करा.

बोट ठेवल्याशिवाय निदान करू नका

चाकासमोर बसा, दोन्ही शॉकअप अगदी खाली, एक्सलजवळ धरा आणि सरळ पुढे ओढा, मागे ढकला. त्याच वेळी दुसऱ्याला खालची टी (दोन्ही शॉकअप एकत्र धरणारा आडवा भाग) आणि फ्रेमची मान (कोनसेट जिथे बसतो तो भाग) यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवायला सांगा, अर्धं टीवर आणि अर्धं फ्रेमवर. तिथे धक्का लागला तर कोनसेट ढिला आहे. डोळ्यांना न दिसणारी हालचालही बोटाला कळते.

तिथे काहीच नसेल तर बोट डस्ट सीलपाशी (धूळ अडवणाऱ्या रबरापाशी) न्या, जिथे शॉकअपचा पाइप खालच्या नळीत शिरतो. इथे किंचित हालचाल नव्या गाडीतही असते, कारण बुश आणि पाइप यांच्यात तेलापुरती जागा ठेवावीच लागते. म्हणून डावा आणि उजवा शॉकअप एकमेकांशी ताडून बघा. एक बाजू स्पष्टपणे जास्त हलत असेल तर बुश झिजलाय. नवा ऑइल सील टाकूनही थोड्याच दिवसांत पुन्हा गळती सुरू होते तेव्हाही बुशवर संशय घ्या, कारण पाइप आडवा हलत राहिला की सीलची कड टिकत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत वेगळा बुश नसतोच, पाइप थेट ॲल्युमिनियमच्या नळीत चालतो. मग नळी किंवा पाइपच बदलावा लागतो.

मधली खाच आवळून जात नाही

आता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते किंचित अडकतं का? गाडी सर्वात जास्त वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे धक्के खाऊन कोनसेटच्या गोळ्या रेसमध्ये (त्या ज्यावर फिरतात त्या कड्यात) त्याच जागी खड्डे पाडतात. अशी गाडी रस्त्यावर सरळ ओळ धरत नाही, बारीक बारीक सावरत राहावं लागतं. नट आवळला की ढिलेपणा जातो, पण खाच आणखी घट्ट धरते आणि गाडी जास्तच वाईट चालते. इथे कोनसेट बदलणं हा एकच उपाय आहे, तोही वरचा-खालचा पूर्ण सेट. जुन्या रेसमध्ये नव्या गोळ्या टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. खालची रेस आधी खराब होते, कारण चिखल-पाणी आणि भार तिच्यावरच येतो. तिथे प्रेशरने पाणी मारू नका, ग्रीस धुऊन निघतं.

नट आवळताना

कोनसेटचा खाचांचा नट सी-पान्याने (खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने) फिरवा. छिन्नी-हातोडीने खाचा तुटतात आणि किती आवळलं याचा अंदाजही राहत नाही. आधी वरच्या टीवरचा मोठा नट आणि शॉकअपचा पाइप धरणाऱ्या क्लँपचे मॅन्युअलमध्ये सांगितलेले बोल्ट सैल करा. पाइप दोन्ही क्लँपमध्ये घट्ट पकडलेला असेल तर टी सरकत नाही आणि खाचांचा नट फिरूनही बेअरिंगवर नीट दाब येत नाही. एका वेळी वर्तुळाच्या आठव्या भागाहून जास्त फिरवू नका. वरचा नट पुरता आवळला की दाब पुन्हा बदलतो, त्यामुळे शेवटची तपासणी सगळे बोल्ट घट्ट झाल्यावरच करायची. हँडल मध्यावरून हलकंसं ढकललं की स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे. मधेच थांबत असेल तर केबल आणि वायरिंग अडवत नाही ना हे बघा, मग नट किंचित सैल करा. फार आवळलेल्या कोनसेटने गाडी कमी वेगात डगमगते.

चाकाचं बेअरिंग

हँडल वळणार नाही असं पक्कं धरा. चाक वरून आणि खालून पकडून आडवं हलवा, मग पाव फेरा फिरवून पुन्हा बघा. टायर हलतो पण शॉकअप हलत नाही, म्हणजे बेअरिंग गेलंय. एक्सलचा नट जास्त आवळून हे दुरुस्त होत नाही. दोन बेअरिंगच्या मधे डिस्टन्स पीस (अंतर राखणारी नळी) असतो, नटाचा ताण तोच घेतो. जोडणीत तो राहून गेला तर नट आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

चाक बसवताना एक्सलचा नट आवळल्यावर लगेच पिंच बोल्ट (शॉकअपच्या खालच्या टोकाशी एक्सल आवळून धरणारा) कसू नका. चाक जमिनीवर टेकवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा पूर्ण दाबा, मग तो बोल्ट आवळा. शॉकअपचे दोन्ही पाय एक्सलवर आपापल्या जागी बसले नाहीत तर ते एकमेकांना तिरके धरतात, शॉकअप अडखळत चालतो आणि बुश पुन्हा झिजायला लागतात.