ऊसगाडी कायद्यात बसवून कशी भरावी

मी धारूर तालुक्यातला. एकोणीस हंगाम कारखान्याला ऊस नेणारी बैलांची टायरगाडी हाकली, आता पोरगा हाकतो. आधी चढाला गाडी अडली की येणारे-जाणारे चाकाला हात लावायचे. आता मोबाईल काढून व्हिडिओ करतात. राग येतो, पण बैल गुडघ्यावर आला तो जास्तीच्या ओझ्यानं, व्हिडिओमुळं नाही. म्हणून पोराला शिकवलं तेच इथं लिहितो.

हंगामाला निघायच्या आधी, पोळा झाला की, शिंप्याची इंचपट्टी आणा. बैल सपाट जागेवर उभा करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला 660 नं भागायचं. येतं ते अंदाजे किलोतलं वजन. आमच्या सर्जाचा घेर 68 इंच, लांबी 56, म्हणजे 392 किलो. पाखऱ्या 62 आणि 53, म्हणजे 309.

हे कशाला? कारण ओढकामाच्या जनावरांचे नियम 1965 पासून आहेत आणि त्यात ओझं बैलाच्या वजनावर ठरतं. 350 किलोच्या वरचा बैल मोठा, 200 ते 350 मधला मध्यम. हवेच्या टायरच्या दोनचाकी गाडीला मोठ्या बैलामागं 1350 किलो, मध्यम बैलामागं 1050. जोडी असेल तर दुप्पट. आमच्यासारखी एक मोठा एक मध्यम अशी जोडी असली तर मी मध्यमाचाच हिशेब धरतो, कारण चढाला जू तिरकं झालं की मार पाखऱ्यालाच बसतो. म्हणजे आमची हद्द 2100 किलो. आणि इथंच सगळे फसतात: या आकड्यात गाडीचं वजनही धरलेलं आहे.

गाडीचं वजन शोधायला कुठं जायला नको. कारखान्याच्या काट्यावर भरलेली गाडी चढते, मग रिकामी चढते, आणि पावतीवर दोन्ही छापून येतात. आमची रिकामी लोखंडी गाडी 420 किलो. राहिला ऊस 1680 किलो. आता पहिल्या खेपेला मोळ्या मोजा. आमच्या 112 मोळ्या भरल्या, निव्वळ ऊस 2016 किलो झाला, म्हणजे मोळी 18 किलोची. 1680 ला 18 नं भागा: 93 मोळ्या. एकोणीस मोळ्या जास्तीच्या होत्या. एक लक्षात घ्या, ती पावती खिशात घेऊन आपण फिरतो. कुणी केस केली तर पुरावा बाहेरून आणायला नको, आपणच दिलेला असतो.

मुकादम म्हणेल, भर रे, टनावर पैसे आहेत. खरंच आहेत. खेपेमागं सुमारे 340 किलोचे पैसे बुडतात, हे मी लपवत नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते तेव्हा एकोणीस मोळ्या लहान वाटत नाहीत. पण एका हंगामात आमच्या बैलाचा खांदा आला, म्हणजे जुवाखाली सुजला, आणि अकरा दिवस गाडी उभी राहिली. त्या अकरा दिवसांच्या खेपा मोजल्या तेव्हा माझं तोंड बंद झालं. माझं मत विचाराल तर भार कमी भरायचा हिशेब एकट्या गाडीवानाच्या माथी मारण्याऐवजी वाहतुकीचा दरच तसा पाहिजे.

भरताना तोल पाहा. मोळ्या मागं जास्त गेल्या की गाडी उलाळते आणि जोत्यानं, म्हणजे गळ्याखालच्या पट्ट्यानं, बैलाचा गळा आवळतो. पुढं जास्त झाल्या की सगळं जू मानेवर बसतं. जुंपायच्या आधी एका माणसानं जू हातानं उचलून पाहावं. दात-ओठ खाऊन उचलावं लागलं तर पुढच्या मोळ्या मागं सरकवा. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर) इंजिनिअरिंगच्या पोरांनी 2022 मध्ये जुवाखाली लावायचं तिसरं चाक केलं, ते याच भारासाठी. चांगली कल्पना आहे. चाक नसेल तर तळावर उभं राहताना निदान टेकू द्या.

तळावर म्हणजे कारखान्याच्या रांगेत. रात्र रात्र नंबर लागत नाही आणि बैल जुवाखाली तसेच. नियम सांगतो दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 च्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. रांगेतला वेळ कामात धरायचा की नाही यावर वाद घालत बसू नका, जू उतरवा. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाका, पाणी पाजा. मार्चमध्ये दुपारची खेप पहाटेवर ढकला.

चढाचा नियम फार थोड्यांना माहीत आहे. किलोमीटरभर किंवा त्याहून लांब चढ असेल, आणि तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त चढत असेल, तर ओझ्याची हद्द निम्मी होते. तसा रस्ता असेल तर फडावरच निम्मी गाडी भरा.

पराणीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर (टोकाचा खिळा) काढून टाका. टोकदार काठीला मनाई आहे. आर टोचल्यावरच बैल ओढतो ते ओझं मुळात जास्तीचंच असतं.

खांद्यावर रोज हात फिरवायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे चोळून खांदमळणी करतो तेवढ्यानं भागत नाही. गरम लागला, सूज दिसली, की त्या दिवशी जुंपायचं नाही. तापल्या लोखंडाचा डाग देऊ नका, सुई मारून पाणी काढू नका, 1962 या जनावरांच्या डॉक्टरच्या नंबरला फोन लावून डॉक्टर बोलवा. जखमी बैल कामाला लावणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नासच. जुना आकडा अजून तसाच आहे, त्यामुळं दंडाला कुणी भीत नाही. खरा दंड असतो ठाण्यावर गेलेला दिवस.

आणि रस्त्यावर कुणी अडवलं तर आवाज चढवू नका. काट्याची पावती दाखवा, बैलाच्या कानातला नोंदणीचा बिल्ला दाखवा, जू उतरवून खांदा दाखवा. खांदा चांगला असेल तर पोरं त्याचाही व्हिडिओ काढतात.