रिअर प्रोजेक्शन टीव्हीतील पिक्चर ट्यूब सुखरूप कशा काढाव्यात

जुन्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीत, म्हणजे आतून पडद्याच्या मागच्या बाजूवर चित्र टाकणाऱ्या संचात, लाल, हिरवी आणि निळी अशा तीन लहान, बहुधा ७ इंची, पिक्चर ट्यूब असतात. त्या आता नव्याने बनत नाहीत, त्यामुळे असा संच नाशिकमध्ये भंगारात दिसला, तर त्या वाचवणे मोलाचे ठरते. आधी मागचे झाकण काढून शेजारी शेजारी तीन लेन्स आहेत ना, हे पाहावे. एलसीडी किंवा डीएलपी प्रकारच्या संचात पिक्चर ट्यूब नसतेच.

लेन्समधून टॉर्च मारून फॉस्फर, म्हणजे ट्यूबच्या तोंडाला आतून दिलेला चमकणारा लेप, तपासावा. वर्षानुवर्षे एकाच वाहिनीची पट्टी किंवा ४:३ आकाराचे चित्र चालले असेल, तर तेवढ्या भागावर तपकिरी डाग उमटलेला दिसतो. अशी ट्यूब काढण्याचे कष्ट मी तरी घेणार नाही.

सर्वांत जास्त वेळ डिस्चार्ज करण्यासाठी, म्हणजे साठलेला विद्युतभार उतरवण्यासाठी, राखून ठेवावा. या ट्यूबना सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यानंतरही काच तो भार धरून ठेवते. लांब इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरला जाड वायर जोडून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या जाळीदार अर्थ वायरला क्लिपने पक्के लावावे, एक हात पाठीमागे ठेवावा आणि मगच स्क्रू ड्रायव्हरचे टोक अ‍ॅनोडच्या, म्हणजे ट्यूबला उच्च दाब देणाऱ्या जोडाच्या, रबरी टोपीखाली सरकवावे. अनेक संचांत अ‍ॅनोडची केबल ट्यूबलाच कायमची जोडलेली असते आणि तिन्ही केबल एका सामाईक ब्लॉकमध्ये जातात. तिथे केबल ओढून काढताच तिचे टोक त्याच अर्थला टेकवावे. काही मिनिटांनी भार पुन्हा साठतो, म्हणून तिन्ही ट्यूबवर हेच पुन्हा करावे. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, म्हणून तो १०० वॉटच्या बल्बमधून उतरवून मल्टिमीटरने खात्री करावी.

गॉगल आणि जाड हातमोजे घालून नेक बोर्ड, म्हणजे ट्यूबच्या मानेच्या टोकावर बसवलेला सर्किट बोर्ड, सरळ मागे ओढावा. तो हलवून काढू नये, कारण काचेची मान सर्वांत नाजूक असते आणि आत निर्वात पोकळी असल्यामुळे ट्यूब आत कोसळून फुटू शकते. ट्यूबचा तोंडाकडचा भाग आणि लेन्स यांच्यामध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे थंड ठेवणारे द्रव असते. ते गोडसर पण विषारी असल्याने मुले व जनावरे दूर ठेवावीत. म्हणून ट्यूबला द्रवाच्या कप्प्याशी धरून ठेवणारे, बहुतेकदा स्प्रिंगचे, स्क्रू सोडू नयेत. अख्खा भाग लाकडी चौकटीला धरणारे स्क्रूच काढावेत. योक, म्हणजे मानेवरची तारेची गुंडाळी, हाही जागेवरून हलवू नये, कारण त्याची आणि चुंबकी कड्यांची जागा कारखान्यातच बसवलेली असते. म्हणून माझ्या मते ट्यूब, योक, लेन्स आणि नेक बोर्ड हे सगळे एकत्रच न्यावे.

प्रत्येक भागावर रंगाचे नाव लिहावे, हीटरच्या (ट्यूबच्या मानेतील तापणाऱ्या तारेच्या) दोन पिनांमध्ये मल्टिमीटरवर काही ओहम दिसतात का ते पाहावे आणि टीव्हीत होता तसाच, लेन्स वर ठेवून, फोममध्ये गुंडाळून ठेवावे. नाशिकच्या पावसाळ्यात ट्यूब पुन्हा चालवण्याआधी केबलचे टोक व अ‍ॅनोडची जागा कोरडी करून घ्यावी. उरलेला सांगाडा ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावा. फुटलेल्या ट्यूबच्या काचेतही शिसे असते, म्हणून ती घंटागाडीत टाकू नये.