ओढग्रस्त घरातला सदोष नायक नाटकात कसा बदलावा

कौटुंबिक नाटकांच्या नव्या संहितांमध्ये एक उणीव वारंवार आढळते. शेवटच्या प्रवेशात नायक लांबलचक स्वगत म्हणतो, आईच्या पाया पडतो आणि पडदा पडण्यापूर्वी सुधारतो. प्रेक्षकाला ते पटत नाही, कारण नायक बदलल्याचे त्याने ऐकलेले असते, पाहिलेले नसते. ज्यांना अशी संहिता पुन्हा लिहावयाची आहे त्यांनी १९५९ साली ब्रॉडवेवर आलेले लॉरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक हाती पेन्सिल घेऊन वाचावे.

शिकागोच्या साउथ साइडमधील अपुऱ्या घरात यंगर या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या तीन पिढ्या राहतात. दिवंगत वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार आहेत. वॉल्टर ली हा दुसऱ्याची मोटार चालवणारा मुलगा. त्याला दारूच्या दुकानात भागीदारी हवी आहे. आईला घर हवे आहे, तर बहीण बेनीथाला डॉक्टर व्हायचे आहे. यातली एकही मागणी गैर नाही, आणि पैसा एकच आहे. आपल्या नाटकाची आखणी करताना आधी हा हिशेब कागदावर मांडावा; तो चोख असेल तर घरात वेगळा खलनायक आणावा लागत नाही.

त्यानंतर दोष ठरवावा. तो नायकाच्या रास्त गरजेतून वाकडा वाढलेला असावा आणि एखाद्या क्षुल्लक प्रसंगात दिसावा. मुलगा ट्रॅव्हिस शाळेसाठी ५० सेंट मागतो आणि रूथ, म्हणजे वॉल्टरची पत्नी, पैसे नाहीत म्हणून नकार देते. वॉल्टर मात्र ऐटीत ५० सेंट देतो, वर आणखी ५० देतो, आणि थोड्याच वेळाने कामावर जाण्याच्या भाड्यासाठी रूथपुढेच हात पसरतो. पुरुषाची किंमत खिशातल्या पैशावर ठरते ही त्याची समजूत कोणाही पात्राने उच्चारण्याआधी प्रेक्षकाला कळून चुकते.

घात मात्र विश्वासातून घडवावा. आई ३,५०० डॉलर घरासाठी भरते आणि उरलेले ६,५०० वॉल्टरच्या हाती सोपवते. त्यातले ३,००० बेनीथाच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवायचे असतात. तो सगळेच भागीदाराला देतो आणि भागीदार पसार होतो. हे नुकसान एकट्या नायकाचे असते तर प्रेक्षक हळहळून मोकळा झाला असता. येथे बहिणीचे शिक्षणही बुडते, म्हणून त्याला क्षमा करणे अवघड होते.

बहुतेक लेखक पश्चात्तापाला येथेच सुरुवात करतात, आणि तीच घाई नडते. हॅन्सबेरी नायकाला आणखी एक पायरी खाली उतरवतात. हे कुटुंब आपल्या वस्तीत येऊ नये म्हणून गोऱ्या रहिवाशांच्या संघटनेने घर परत विकत घेण्याची तयारी दाखवलेली असते. वॉल्टर त्या प्रतिनिधीला स्वतः बोलावतो आणि त्याच्यापुढे लाचारी कशी करणार याचे नाटक घरच्यांसमोर करून दाखवतो. प्रतिनिधी आल्यावर रूथ ट्रॅव्हिसला खाली जायला सांगते, पण आई त्याला तिथेच थांबवते. मुलाच्या डोळ्यांदेखत वॉल्टरला पैसे घेणे जमत नाही. त्याचे बोलणे अडखळते, सफाईदार होत नाही. त्या बोलण्यात तो बहीण डॉक्टर होणार असल्याचे अभिमानाने सांगतो, तिचेच पैसे त्याने घालवलेले असताना. नकार दिल्याने बुडालेला एक डॉलरही परत येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निश्चय आणि बदल यांतले अंतर मराठी प्रेक्षकाला ‘एकच प्याला’तल्या सुधाकरामुळे ठाऊक आहे, म्हणून नुसत्या शपथेवर त्याचा विश्वास बसणार नाही. नायकाला नेमक्या त्याच्या दोषाचाच मोह पुन्हा दाखवावा, नकाराची किंमत मोजायला लावावी आणि ज्याच्यापुढे खोटे वागता येणार नाही असे घरातले एक माणूस साक्षीला ठेवावे. सगळा दोष धुऊन काढू नये. सामान बाहेर जात असतानाही वॉल्टर बेनीथाला पैसेवाल्याशी लग्न करण्याचा सल्ला देतो आणि दोघांची जुंपते. असे एखादे भांडण आपल्या शेवटच्या प्रवेशातही राहू द्यावे. खर्डा पूर्ण झाल्यावर नायकाचे परिवर्तन सांगणारी सर्व वाक्ये खोडून तो प्रवेश नटांकडून वाचून घ्यावा, आणि बदल तरीही कळला तर ती वाक्ये परत घालू नयेत.