'वर आहे' आणि 'वर गेला': शेअरच्या चाळणीचे माझे पहिले दिवस

माझ्या पहिल्या स्कॅनरने, म्हणजे दिलेल्या अटींवर शेअर गाळून देणाऱ्या चाळणीने, एका संध्याकाळी 412 शेअर दाखवले आणि मला वाटलं, जमलं! सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. सुटी झाली की घरी येऊन लॅपटॉप उघडायचा, हा तेव्हाचा नाद. फॉर्म्युला एवढाच होता: क्लोज > ईएमए (क्लोज, 20). म्हणजे दिवसाचा बंद भाव 20 दिवसांच्या सरासरीच्या वर; ईएमए ही अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणारी सरासरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारशेच्या आसपास, त्यातले बहुतेक कालचेच. आठवडाभर तेच. मित्राला दाखवलं तर म्हणाला, "काय बे, ही निवड आहे का मतदार यादी?"

फॉर्म्युला बरोबर होता. घोळ मी मनात केलेल्या वाक्यात होता. मला हवं होतं 'भाव सरासरीच्या वर गेला', आणि लिहिलं होतं 'भाव सरासरीच्या वर आहे'. 'आहे' ही स्थिती. ती महिनोन्महिने टिकू शकते. 'गेला' ही घटना. ती एका दिवशी घडते आणि संपते. घटना लिहायची तर दोन दिवस लागतात: आजचा क्लोज आजच्या ईएमएच्या वर, आणि कालचा क्लोज कालच्या ईएमएच्या खाली किंवा बरोबरीला. चार्टइंकसारख्या साइटवर यासाठी 'क्रॉस्ड अबव्ह' हा तयार शब्द मिळतो, पण सुरुवातीला तो वापरू नका. दोन्ही ओळी हाताने लिहा. मी एकदा कालचा क्लोज आजच्या ईएमएशी ताडून पाहत बसलो होतो. यादी येत होती, ठीकठाक दिसत होती, म्हणून चूक पंधरा दिवस कळली नाही.

हे पचल्यावर बाकीचं सोपं जातं. ट्रेंड (भावाची दिशा) स्थितीने लिहायचा, मोमेंटम (भावाचा वेग) घटनेने. माझा आजचा साधा साचा असा: क्लोज 200 दिवसांच्या सरासरीच्या वर आहे, 50ची सरासरी 200च्या वर आहे, आणि 14 दिवसांचा आरएसआय (भावाची वाढ घटीच्या तुलनेत किती, हे 0 ते 100 मध्ये सांगणारा आकडा) आज 60च्या वर गेला. दोन 'आहे', एक 'गेला'. दोन 'गेला' घातले की यादी बहुतेक दिवस रिकामी येते, कारण दोन घटना नेमक्या एकाच दिवशी घडायला हव्यात. दुसरी घटना हवीच असेल तर तिला थोडी सवड द्यावी: 'गेल्या 5 दिवसांतला सर्वांत कमी आरएसआय 60च्या खाली होता आणि आज तो वर आहे.' म्हणजे ओलांडणं या पाचांत कधीतरी झालं असलं तरी चालेल.

आमच्या पूर्व भागात मित्राचे वडील चादरींवर नक्षी काढणाऱ्या जॅकार्ड मागाची कार्डं पंच करायचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कार्डात भोक असेल तर सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा उचलला जातो; नसेल तर धागा जागीच राहतो. मधलं काही नाही. फॉर्म्युल्यातली अटही तशीच: आरएसआय 59.9 असेल तर '> 60' मधून तो शेअर बाहेर, दया नाही. मामांना विचारलं, भोक चुकलं तर? "अरे, एका जागी चुकलं तर दिसलं असतं. नक्षी जितक्या वेळा, चूक तितक्या वेळा. म्हणून पहिली नक्षी उतरली की माग थांबवून बघायचं." तेव्हापासून नवा फॉर्म्युला लिहिला की आधी यादीतला एकच शेअर घेतो, त्याचा चार्ट उघडतो आणि प्रत्येक अट बोट ठेवून तपासतो.

निदान एकदा कागदावर आकडेमोड करा. ईएमए 20चा गुणक 2 भागिले 21. कालचा ईएमए 200, आजचा क्लोज 221. फरक 21, गुणकाने गुणून 2, म्हणून आजचा ईएमए 202. एकवीस रुपयांच्या फरकाने सरासरी दोनच रुपये हलली, हे हाताने केल्यावर लक्षात राहतं. आरएसआय वेल्स वायल्डर यांनी 1978 मध्ये मांडला. सरासरी वाढ 6 आणि सरासरी घट 4 असेल तर गुणोत्तर 1.5, त्यात 1 मिळवून 2.5; 100 भागिले 2.5 म्हणजे 40; शंभरातून वजा केले की 60. इथे माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, कारण एक्सेलमधला आकडा चार्टशी जुळेना. मी दर वेळी 14 दिवसांची साधी सरासरी काढत होतो. वायल्डर यांची पद्धत जुन्या सरासरीचे 13 भाग ठेवून नवा 1 भाग मिसळते, म्हणून तिला मागचे 14 नव्हे, शंभरएक दिवस तरी द्यावे लागतात.

वायल्डर यांचाच दुसरा इंडिकेटर (भावावरून काढलेला मापक) म्हणजे एडीएक्स. 'एडीएक्स 25च्या वर म्हणजे ट्रेंड दमदार' एवढं वाचून मी अट टाकली, आणि यादीत निम्मे शेअर धडाधड पडणारे. एडीएक्स जोर सांगतो, दिशा नाही. दिशेसाठी प्लस डीआय (वरच्या चालीचं माप) हा मायनस डीआयपेक्षा (खालच्या चालीच्या मापापेक्षा) जास्त आहे, ही अट सोबत लागते.

एमएसीडीची गंमत वेगळी. तो 12 आणि 26च्या ईएमएंमधला फरक, म्हणजे चक्क रुपयांत. 'एमएसीडी > 5' लिहिलंत की लाखाच्या घरातला एमआरएफ सहज आत येतो आणि चाळीस रुपयांचा शेअर कितीही पळाला तरी बाहेर. फरकाला क्लोजने भागून टक्क्यांत आणा, नाहीतर तुलनाच करू नका. शिवाय आरएसआय, एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक (हाही भावाच्या वेगाचाच इंडिकेटर) तिन्ही लावून 'तीन इंडिकेटर हो म्हणतात' असं समजणारे पुष्कळ भेटतात. तिघंही मुख्यतः भावावरच जगतात. एकाच साक्षीदाराला तीनदा उभं केल्यासारखं आहे ते. त्यापेक्षा एक अट व्हॉल्यूमची, म्हणजे किती शेअरांचा व्यवहार झाला त्याची, घाला.

व्हॉल्यूम नुसत्या शेअरसंख्येत मोजू नका. 20 दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम गुणिले क्लोज, असा रुपयांत मोजा. मी 5 कोटींची रेघ ठेवली आहे. ती नसताना माझ्या यादीत वरच्या सर्किटला (दिवसाच्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला) अडकलेले शेअर यायचे: कागदावर सुंदर, विकणारा कोणीच नाही.

'आणि', 'किंवा' एकत्र आले की कंस घाला. इतकंच.

वेळेचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. बाजार 3:30ला बंद होतो. दुपारी 2 वाजता स्कॅनर चालवला तर 'क्लोज' म्हणजे त्या क्षणाचा भाव. दोनला घडलेली घटना साडेतीनला पुसलेली असू शकते. वीकली अट बुधवारी लावली तरी तेच, आठवड्याची कँडल (चार्टवरची त्या आठवड्याची दांडी) अजून अर्धीच असते. मी वीकलीसाठी मागचा पूर्ण आठवडाच घेतो. शेअरचं विभाजन किंवा बोनस झालेला असेल तर डेटात जुने भाव सुधारलेत का, तेही पाहावं. नाहीतर एकास दहा विभाजनाच्या दिवशी तुमचा स्कॅनर 90 टक्के घसरण बघून हंबरडा फोडेल.

पैसे लावायची घाई करणाऱ्यांसाठी एक आकडा: बाजाराची नियामक संस्था सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2022-23 मध्ये कॅश विभागात इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करणाऱ्या दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. फॉर्म्युला लिहिता येणं आणि पैसे मिळणं यांत बरंच अंतर आहे. आणि मित्रांच्या ग्रुपवर 'आजची यादी' विकायची हौस आली तर आवरा. मोबदला घेऊन शेअर सुचवायला सेबीची नोंदणी लागते. या कामात पुढे जायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची रिसर्च अॅनालिस्टची परीक्षा आहे, ती द्या.

मी सध्या वहीत नोंदी ठेवतो: तारीख, शेअर, त्या दिवसाचा क्लोज, 10 आणि 20 दिवसांनंतरचा भाव. यादीतले सगळे लिहायचे, आवडलेलेच नाही. वही उलटी चाळताना दिसलं की फसलेल्यांपैकी बरेच त्या दिवशी 20च्या ईएमएपासून फार लांब पळालेले होते. म्हणून गेल्या महिन्यात एक अट वाढवली: क्लोज हा ईएमएच्या 1.08 पटीपेक्षा कमी. 1.08च का, याला माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही. जुन्या पानांवर बसवूनच तो आकडा आलाय, म्हणून त्याच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय आणि नव्या पानांवर तपासतोय.